फळीवरची मोजदाद

मधमाश्या पाळायच्या म्हणजे
मुख्यतः एक फळी पाळायची.
पांढरी, व्हॅसलीन फासलेली, पेटीच्या तळाशी सरकवलेली.
दर तीन दिवसांनी ती ओढून काढायची
आणि चष्म्यावर चष्मा चढवून
तपकिरी ठिपके मोजायचे.
व्हरोआ. गोचिडीची जात, राईएवढी, चपटी.
जूनमध्ये सात. जुलैत एकोणीस.
ऑगस्टात मी मोजणं सोडलं,
आम्ल आणलं, रबरी हातमोजे आणले.
पुस्तकात यातलं काही नव्हतं. पुस्तकात होता
बाह्या सारलेला एक हसरा माणूस.

धुराडं विझतं.
ते नेमकं तेव्हाच विझतं
जेव्हा झाकण उघडं असतं
आणि दोन्ही हातांत भरलेली चौकट.
मग त्यांना कळतं आपल्यासमोर कोण आहे:
एकोणसाठ वर्षांची बाई,
जाळीच्या आत घाबरलेली,
कौनसच्या कडेला, शांचाइत,
रेल्वेच्या रुळांमागच्या चार वाफ्यांत उभी.

धंदा माझा कवळ्यांचा.
या वस्तीतली निम्मी हसणी माझ्या टेबलावरून गेलीत.
उजवी तर्जनी सुजली की मेण कोरता येत नाही,
त्यामुळे गुदाइतिस आजोबा
आठवडाभर बिटाच्या गार सूपवर राहिले.
रागावले नाहीत. म्हणाले,
निदान मध तरी दे,
मधाला दात लागत नाहीत.

मध निघाला तीन बरण्या.
खर्चाचा हिशेब एकदा मांडला होता
वीजबिलाच्या पाठीवर.
मग बिल भरून टाकलं.

पण त्याआधी, मेमध्ये,
शेवटच्या रविवारी, मी चर्चमधून यायच्या आत
निम्मी पेटी उठून गेली
कुंपणापलीकडे, ब्रूझासच्या प्लमच्या झाडावर,
दाढीसारखी लोंबत.
ब्रूझासशी मी अकरा वर्षं बोलले नव्हते.
माझ्या लिंडनच्या फांद्या त्यानं छाटल्या होत्या, ऐन फुलात,
आणि वर म्हणाला होता, पानं पडतात.
आता त्यानं न बोलता शिडी धरली.
मी बटाट्याच्या खोक्यात झुबका झटकला.
राणी आत गेली की नाही,
दोघंही माना वाकवून बघत राहिलो.
"गेली," तो म्हणाला.
अकरा वर्षांनंतरचा पहिला शब्द,
आणि तोही चुकीचा.
संध्याकाळी सगळ्या परत त्याच फांदीवर.
तिसऱ्या दिवशी नेमुनसपलीकडे कुठेतरी.

आम्हा लिथुआनियन लोकांत म्हणतात,
तुमच्या माश्या ज्याच्या घरी बसल्या तो तुमचा सोयरा.
मित्राला आमचा एक शब्द आहे,
तो माशीच्याच पोटातून निघालाय.
पण या बसल्याच नाहीत नीट.
मग मी आणि ब्रूझास कोण?
दोन दिवसांचे सोयरे.
कुंपणावरून मान हलवण्यापुरते.

उरलेल्यांना मी हिवाळाभर टिचकी मारून ऐकत आले.
पेटीला कान लावायचा, टिचकी मारायची,
आतून "हूं" यायला हवं,
अर्धवट झोपेतल्या माणसासारखं.
डिसेंबरात आलं. जानेवारीत आलं, जरा उशिरानं.
फेब्रुवारीत, उणे सोळात,
मी तीनदा टिचकी मारली,
मग स्वतःच "हूं" म्हणाले.

मार्चमध्ये झाकण काढलं.
मूठभर गोळा,
डोकी रिकाम्या घरांत खुपसलेली, शेपट्या बाहेर.
आणि बोटभर अंतरावर
झाकणबंद, भरलेला मध.
बोटभर.
थंडीत तेवढंही सरकता आलं नाही त्यांना.
राग आला मला, खरं सांगते,
पोरांवर येतो तसा.

आमच्या भाषेत कुत्रं, घोडा, गाय
एका क्रियापदानं मरतात,
माणूस दुसऱ्या.
माशीला माणसाचं क्रियापद लागतं.
कुंपणाशी जाऊन ब्रूझासला मी तेच सांगितलं.
त्यानं टोपी काढली.
बराच वेळ ती हातात धरून उभा होता,
मग विचारलं,
"फळी धुतलीस? नव्या आणायच्या तर
आधी फळी धुवावी लागेल."

अजून धुतली नाही.
तिच्यावर शेवटचे चार ठिपके आहेत.
काल चष्मा चढवून पुन्हा मोजले.
पाच.